एक्केचाळीस मिनिटं

ज्या माणसाच्या प्रेमात पडायचं आहे त्याला पहिल्याच भेटीत 'मामा' म्हणू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण त्या सकाळी वृद्धनिवासातल्या माझ्या मजल्यावर अकरा म्हातारी माणसं, दोन मावश्या आणि मी, एवढेच होतो. तिसरी मावशी आदल्या दिवशी न सांगता सोडून गेली होती. एजन्सीवाल्यानं फोनवर गळ्याशपथ सांगितलं होतं की साडेआठच्या ठोक्याला नवीन मामा, म्हणजे मावश्यांचंच काम करणारा पुरुष, हजर होईल. पावणेनऊला लिफ्टचं दार उघडलं आणि एक उंच, सडपातळ माणूस बाहेर पडला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, आणि चेहरा चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरल्यासारखा.

"मामा, उशीर झालाय. हात धुवा आणि इकडे या," मी म्हणाले आणि त्याच्यापुढे वाटी धरली.

"अहो, पण मी..."

"पण-बिण नंतर. हेडबाई भुकेल्या आहेत."

तो गप हात धुऊन आला. आमच्याकडे एजन्सीची माणसं पहिल्याच दिवशी पळून जातात, म्हणून मी त्यांना सगळ्यात अवघड काम आधी देते. पळायचं असेल तर दुपारच्या जेवणाआधी पळा, म्हणजे मला दुसरी सोय बघता येते. सगळ्यात अवघड काम म्हणजे हेडबाईंना भरवणं.

हेडबाई एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. दरारा मात्र जागच्या जागी राहिला. घशात जोर नाही, म्हणून गिळायला वेळ लागतो. ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, अर्धाच चमचा भात, मग थांबायचं. कंठ वरखाली होतो, त्या डाव्या हाताच्या बोटानं टेबलावर एकदा टकटक करतात, तेव्हा पुढचा घास. टकटक व्हायच्या आधी चमचा पुढे केला की तोंड बंद. आणि मग त्या अशा बघतात की उशिरा आलेल्या पोरासारखं आपल्याला दाराबाहेर उभं राहावंसं वाटतं.

नव्या मामाला दुसऱ्याच घासाला त्या नजरेनं दाराबाहेर काढलं. मी शेजारच्या पलंगावर आजोबांची कूस बदलत होते, मला हसू आवरेना. पण तो शिकला. थांबायला लागला. आणि गंमत म्हणजे, प्रत्येक घासाला चमच्याबरोबर त्याचंही तोंड उघडत होतं, लहान मुलाला भरवणाऱ्या बाईसारखं. हे शिकवून येत नाही. मी मनात म्हटलं, हा टिकणार.

वाटी रिकामी झाली. त्यानं हेडबाईंचं तोंड पुसलं, पाणी चमच्यानं दिलं, आणि मग खिशातून चालू स्टॉपवॉच काढून बटण दाबलं.

"एक्केचाळीस मिनिटं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, जरा ओशाळून, "सिस्टर, मी मामा नाही. मला कंपनीनं मोजणीसाठी पाठवलंय."

मी त्याला चांगलंच मामा बनवलं होतं म्हणायचं. एजन्सीचा खरा माणूस त्या दिवशी आला नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आला नाही.

आता कंपनीचं सांगते, म्हणजे मला राग का आला ते कळेल. आमचं वृद्धनिवास पूर्वी एका डॉक्टरांचं होतं. खालच्या मजल्यावर हिंडती-फिरती माणसं, वरच्या मजल्यावर ज्यांना कुशीवर वळवायलाही दुसरा लागतो ती. वरचा मजला माझा, नऊ वर्षं. तिथे मला लवंगी म्हणतात, आणि का ते विचारायची कोणाला गरज पडत नाही. गेल्या वर्षी डॉक्टर थकले आणि एका कंपनीनं निवास विकत घेतलं. अशी सहा आहेत त्यांच्याकडे. आल्या आल्या त्यांनी जिन्यात हसऱ्या आजी-आजोबांची चित्रं लावली, त्याखाली 'उद्याचं वृद्धनिवास'. उद्याच्या निवासात गादीच सांगणार होती की माणूस उठला, भिंतीवरचा कॅमेरा सांगणार होता की माणूस पडला. याला माझी ना नाही. म्हातारी माणसं वाढतायत आणि सांभाळणारे हात कमी होतायत, हे मला चित्रावरून कळायची गरज नव्हती.

पण त्यांनी आणखी एक ठरवलं होतं. एका जेवणाला माणशी वीस मिनिटं. ज्याला जास्त लागतील, त्याला नाकातून नळी.

नळीला पाच मिनिटं लागतात. ओतलं, बंद केलं, पुढचा. काहींना नळी खरोखरच लागते, अशांना मी स्वतः घातली आहे. पण ज्याला अजून गिळता येतं, ज्याच्या जिभेला अजून मीठ कळतं, त्याला केवळ आपल्याला वेळ नाही म्हणून नळी घालायची, हे मला पटणार नव्हतं. शिवाय माणसं वैतागून नळी उपसतात. मग हात बांधतात. हेडबाईंना एकच हात उरलाय आणि त्याच हातानं त्या बोलतात. माझ्या अकरांपैकी चौघं वीस मिनिटांच्या पुढची होती आणि त्यांचा निकाल या इस्त्रीच्या शर्टाच्या वहीत लागणार होता.

म्हणून मी त्याला महिनाभर छळायचं ठरवलं. नाव ठेवलं मोजणीसाहेब.

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि सगळं मोजायचा. कूस बदलायला किती, केस विंचरायला किती, चादर बदलायला किती. आधी तो शर्टांच्या कारखान्यात होता. एका शर्टाला बटणं लावायला किती सेकंद लागतात ते त्याला झोपेतही सांगता यायचं. मी म्हटलं, आमच्या माणसांची बटणं तुटलेली असतात साहेब, तुमचा हिशेब चुकणार. तो हसायचा. हसताना एका गालाला खळी पडायची, आणि ती नेमकी माझ्या बाजूच्या गालाला. मला हा पक्षपात वाटायचा.

"गप्पांचा रकाना आहे का हो वहीत?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या बडबडीचा वेगळा काढलाय."

"किती भरला?"

"पान पुरत नाही," तो म्हणाला, आणि वहीतून मान वर न करता, "पण बंद नका करू... मोजायला बरं वाटतं."

मी काहीतरी खमंग उत्तर देणार होते. ते सुचेपर्यंत कान तापले, आणि मी विनाकारण औषधांचं कपाट पुसायला घेतलं.

दुसऱ्या आठवड्यात एक मावशी तापानं पडली. त्या दुपारी त्यानं स्टॉपवॉच खिडकीत ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि वाटी उचलली. मी सांगितलं नव्हतं. मग तो रोजच भरवायला लागला. हेडबाई तर माझ्या हातून खाताना दाराकडे डोळे लावून बसायला लागल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, दोन वर्षं राबले ती मी, आणि लाडका झाला कोण? त्यांनी टेबलावर टकटक केलं. पुढचा घास द्या, वाद नको.

चार वाजता मागच्या जिन्यात चहा. तो वरच्या पायरीवर, मी खालच्या, मध्ये दोन पायऱ्या. आठवड्याभरात एक उरली. तिथे मी त्याला बांधलेल्या हातांबद्दल सांगितलं. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याच्या कागदावर फक्त 'नळी, पाच मिनिटं' एवढंच होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. सॅनिटायझरनं सोललेले, नखं कापलेले, दिसायला काही खास नसलेले माझे हात. कोणी त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. मी ते ॲप्रनच्या खिशात घातले.

उगाच आडवळणं कशाला, मला तो आवडायला लागला होता. घरी मी रोज जेवताना त्याच्या नावानं बोटं मोडायची. तो असा बसला, तो तसं म्हणाला, त्यानं आज काय मोजलं. आई आठ-दहा दिवस ऐकत राहिली. मग म्हणाली, "दुष्मनाचं इतकं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकतेय." दादाला वेगळीच काळजी. दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळता सांभाळता हीच म्हातारी होणार, असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं. त्यानं विचारलं, तो मोजणारा कायम नोकरीवर आहे की कंत्राटी? मी म्हटलं, मला काय करायचंय. करायचं होतं म्हणूनच मला माहीत होतं. कंत्राटी.

अहवाल सोमवारी द्यायचा होता. शनिवारी चार वाजता तो जिन्यात आला तोच खुशीत. कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याच पायरीवर बसला. मी वाचलं. हेडबाई, एकोणीस मिनिटं. समोरच्या पलंगावरचे आजोबा, अठरा. चौघंही विसाच्या आत.

"कोणालाच नळी नाही," तो म्हणाला. "तुमच्यासाठी..." आणि थांबला. त्याच्या डोळ्यांत एवढा आनंद होता की मला वाटलं, कागद बाजूला ठेवावा आणि या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकावं. पण मी लवंगी आहे.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. पण ती चौघं वाचतील."

"या चौघांपुरतं बघितलंस तू. तुझा कागद इथेच राहणार आहे का? तो साही निवासांत जाणार. उद्या कोणीतरी म्हणेल, हेडबाईंसारखं अवघड माणूस एकोणीस मिनिटांत जेवतं, मग तुम्हाला पंचवीस कशाला? कुठलीतरी मावशी घाईनं घास कोंबेल. अन्न श्वासनलिकेत जाईल. आणि माणूस गेला तर चूक कोणाची ठरेल? जिच्या हातात चमचा होता तिची. तू एकोणीस लिहून मोकळा."

त्याचा चेहरा पडला. त्याला हे सुचलंच नव्हतं. सुचणार तरी कसं, कारखान्यात बटण घाईनं लावलं तर बटण तुटतं, एवढंच.

"खरं लिहिलं तर आठवड्यात नळ्या येतील," तो हळू म्हणाला.

"खरं लिही आणि मग भांड."

"माझी नोकरी जाईल."

"माझी राहील असं वाटतं तुला? मी काय तिथे टाळ्या वाजवत बसणार आहे?"

तो म्हणाला, "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

"रागात म्हणाले."

"रागात का होईना..." त्यानं कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि निघून गेला. काय लिहिणार ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, माझाही एक हट्ट आहे.

पण मी हातावर हात धरून बसले नाही. नळीला नातेवाइकांची सही लागते, हे मला माहीत होतं. कंपनी ते संमतीपत्र चार इतर कागदांच्या मध्ये घालून पाठवणार, वर काहीतरी गोड नाव देऊन, आणि माणसं घाईत सही करणार, हेही माहीत होतं. त्याच संध्याकाळी मी तिघांच्या घरी फोन लावले आणि सरळ सांगितलं, वडिलांना गिळता येतंय, तरी नळी घालायची म्हणतायत, नंतर हात बांधावे लागतील. सोमवारी अकराला या आणि समोरासमोर बोला. एका मुलानं विचारलं, रोज तीनदा चाळीस मिनिटं कोण बसणार? मी म्हटलं, मी बसतेच आहे, तुम्ही फक्त सोमवारी अर्धा तास येऊन बसा. हेडबाईंचं कोणी नव्हतं. त्या धडधाकट असताना स्वतःच्या सहीनं निवासात आल्या होत्या, तेव्हा त्यांची संमती त्यांनीच द्यायची होती.

सोमवारी खालच्या जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं जोडली. कंपनीच्या मोठ्या मॅडम आल्या. मला त्या राक्षसीण वाटायला हव्या होत्या, पण तशा नव्हत्या. थकलेल्या होत्या, नीट ऐकणाऱ्या होत्या, आणि त्यांनी आल्या आल्या हेडबाईंना नमस्कार केला. नातेवाईक बघून मात्र त्यांच्या भुवया वर गेल्या.

मोजणीसाहेब उठून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. कागद उलगडला. मला जास्त काळजी कोणाची होती, चौघांची की त्याची, मला सांगता आलं नसतं.

"हेडबाई," तो वाचायला लागला. "एक्केचाळीस मिनिटं. पहिल्या दिवशीही तेवढीच, शेवटच्या दिवशीही तेवढीच."

मॅडमनी विचारलं, यातली टाळता येण्यासारखी किती? त्यांच्या तक्त्यात तसा रकाना होता आणि त्यानं तो कोरा ठेवला होता.

"एकही नाही. वाया जाणारा वेळ शोधायला मला पाठवलं होतं. मी महिनाभर शोधला, सापडला नाही. मी स्वतः भरवलंय, मॅडम. वीस मिनिटांत तुम्ही वाटी रिकामी कराल, पण माणूस जेवलेला नसेल."

मला त्या क्षणी तो इतका आवडला की मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मला मान्य आहे. पण माणसं कुठून आणू? या कामाला कोणी येत नाही. दहा वर्षांनी तर याच्या दुप्पट म्हातारे असतील."

"आणू नका, आहेत ती टिकवा," मी उभी राहिले. मला बोलावलं नव्हतं. "कोणाचा घास कुठे अडकतो हे कळायला मावशीला दोन महिने लागतात. तोवर ती पळून जाते, कारण तिला बसायला स्टूलसुद्धा नाही आणि डोक्यावर घड्याळ. तुम्ही नळ्या घालाल, मग ज्यांना भरवता येतं त्याही सोडून जातील, कारण भरवायचं कामच उरणार नाही. मग दहा वर्षांनी दुप्पट म्हातारे येतील तेव्हा भरवायचं कसं हे कोणालाच माहीत नसेल. आणि पुढे कधीतरी त्या म्हाताऱ्यांत मॅडम, तुम्हीही असाल आणि मीही असेन. मला नळी नकोय."

आजोबांची मुलगी पहिल्यांदा बोलली, आम्ही सही करणार नाही. मग दुसरे, मग चाळीस मिनिटांवाला मुलगाही, जरा कुरकुरत.

उरल्या हेडबाई. निवासाच्या मॅनेजरनं त्यांच्यापुढे संमतीपत्र ठेवलं. सही जमणार नाही असं धरून त्यानं शेजारी शाईचा पॅड उघडला आणि अंगठ्याची जागा दाखवली. तीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवलेल्या बाईपुढे त्यानं शाईचा पॅड ठेवला.

हेडबाईंनी आधी पॅडकडे बघितलं, मग त्याच्याकडे. डाव्या हातानं पॅड बाजूला सारला आणि तोच हात त्याच्या खिशातल्या पेनापुढे उघडून धरला. त्यानं मुकाट्यानं पेन दिलं. डाव्या हाताला लिहायची सवय नाही. पेन घसरलं, पुन्हा धरलं. पहिलीतल्या पोरासारखी वाकडी, मोठी अक्षरं. सगळ्यांनी वाट बघितली. कोणी घाई केली नाही. त्यांनी लिहिलं, 'नाही.' खाली पूर्ण सही केली, आणि कागद मॅनेजरच्या नव्हे, मॅडमच्या पुढे सरकवला.

मॅडमनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, वरचा मजला सहा महिने आहे तसा राहील, दोन मावश्या जास्त देऊ, मग पुन्हा बघू. जिंकलो असं मी म्हणणार नाही. सहा महिने मिळाले. आणि निघताना त्यांनी मोजणीसाहेबाला सभ्यपणे सांगितलं की त्याचं कंत्राट वाढवता येणार नाही.

मी त्याला बसस्टॉपवर गाठलं, ॲप्रनमध्येच. ऊन रणरणत होतं. तो पिशवी पायाशी ठेवून उभा होता.

"नोकरी गेली," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"आणखी पाच निवास आहेत त्यांची. तिथल्या घरच्यांना कोणीतरी हा आकडा सांगायला हवा. मी जाणार आहे. पगार कोण देणार ते माहीत नाही, पण जाणार." मग रस्त्याकडे बघत, "सिस्टर, मला तुमच्याशी काही बोलायचं होतं. पण आता असं... हातात काही नसताना..."

"मग मी बोलते," मी म्हणाले. आवाज ठणठणीत निघाला. "मला तू आवडतोस. खोटं लिहिलंस तेव्हाही आवडत होतास, पण तेव्हा मी तुझ्याशी लग्न केलं नसतं. आता करायचंय. आईला आज सांगणार, दादाला उद्या. तो आकांडतांडव करेल, बेकार आहे म्हणेल. म्हणू दे."

त्याचं तोंड उघडं पडलं होतं. समोर चमचा नव्हता, तरीही. मी हसले नाही, मला रडू येत होतं.

"विचार करायला किती वेळ आहे?" त्यानं विचारलं.

"तुला लागेल तेवढा."

बस आली. ड्रायव्हरनं आमच्याकडे बघितलं, हॉर्न वाजवला. तो चढला नाही. त्यानं पुढे होऊन माझा सोललेला हात ॲप्रनच्या खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला, भर रस्त्यात, लोक बघत असताना.

"हो," तो म्हणाला.

मी हात सोडवून घेतला नाही. वरच्या मजल्यावर साडेबाराची जेवणं होती, मला जायला हवं होतं. पण त्या दिवशी, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मी पाच मिनिटं उशिरा गेले आणि कोणाला कारण दिलं नाही.